जांभळाचा जांभळा: सहा ट्यूबमधून रंगतक्ता करतानाच्या नोंदी

शनिवार, ८ जून

नाशिकला पंचवटीत आमच्या गच्चीवरच्या खोलीत मी शनिवार-रविवार चित्रकलेचा क्लास घेते. सध्या आठ मुलं आहेत, पाचवी ते आठवीतली. तिघं यंदा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणार. आज स्थिरचित्राला वाटीभर जांभळं ठेवली होती. पाव किलो आणली होती, चित्र संपेपर्यंत वाटीत अकरा उरली. ते असो.

सातवीतल्या एका मुलाने लाल आणि निळा मिसळला आणि कागद माझ्यापुढे धरला. "ताई, हे जांभूळ नाही झालं, चिंच झाली." खरंच चिंचेच्या कोळाचा रंग होता. म्हटलं, निळा थोडा वाढव. वाढवला, तर कोळ आणखी काळा. "पण तुम्हीच सांगितलं होतं, लाल अधिक निळा म्हणजे जांभळा."

सांगितलं होतं. मलाही माझ्या सरांनी तेच सांगितलं होतं. डिप्लोमाला असताना मी जांभळ्याची तयार ट्यूब लावून रंगचक्र पुरं केलं होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, हे आता कबूल करून टाकते.

क्लासच्या भिंतीवर मिश्रणांचा एक मोठा तक्ता लावायचं ठरवलंय. छापील नको, आपल्याच ट्यूबमधून केलेला. दुसऱ्या कुणाला असा करायचा असेल तर निदान माझ्यासारख्या चुका तरी टळतील, म्हणून या नोंदी.

रविवार, ९ जून

पहिला दिवस पूर्ण वाया.

मुलं वापरतात तोच बारा रंगांचा बॉक्स घेतला. बारा रंगांच्या जोड्या होतात ६६. कार्ट्रिज पेपरवर (साध्या ड्रॉइंगच्या कागदावर) चौकोन आखले आणि रात्री नऊला बसले. दोनला उठले. प्रत्येक जोडी नजरेच्या अंदाजाने अर्धी-अर्धी मिसळून लावली. झोपताना तक्ता छान वाटत होता.

सकाळी गच्चीच्या दारात नेऊन पाहिला तर निम्मे हिरवे एकसारखे आणि सगळे पिवळट. कारण माझ्या डोक्यावरचा बल्ब. खोलीत जुना पिवळा उजेड आहे, ३००० केल्विनवाला. त्या उजेडात पिवळा रंग कागदावर जवळजवळ दिसत नाही, कागदच पिवळा वाटतो. म्हणून जिथे जिथे पिवळा होता तिथे अंदाज चुकला आणि तो मी भरभरून घातला होता.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ६६ चौकोनांपैकी तीसेक तरी चिखल. राखाडी चिखल, हिरवट चिखल, तपकिरी चिखल. बॉक्समधला सॅप ग्रीन हा मुळातच निळसर हिरवा आणि पिवळा यांचं मिश्रण असतो. ऑरेंजही तसाच. त्यात मी आणखी एक मिश्र रंग घातला की चौकोनात चार-पाच रंग एकत्र आले. दोन रंग मिसळतेय असं फक्त मला वाटत होतं.

खर्च: कार्ट्रिज पेपर ६० रुपये. वेळ: पाच तास.

बुधवार, १२ जून

दुपारी मेन रोडला गेले. ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी बल्ब घेतला, १४० रुपये. तक्ता करणाऱ्याने आधी हे करावं, किंवा सरळ दिवसा काम करावं.

मग रंगांच्या दुकानात. ट्यूबच्या पुढच्या बाजूचं नाव वाचायचं नाही, उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायचं, एवढं एक ठरवून गेले होते. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीबी २९ म्हणजे पिगमेंट ब्लू, क्रमांक २९, म्हणजे अल्ट्रामरीन, मग कंपनी कुठलीही असो. पीवाय म्हणजे पिवळा, पीआर म्हणजे लाल. एकच क्रमांक असेल तर ट्यूबमध्ये एकच रंगद्रव्य. तीन क्रमांक असतील तर तुमच्या आधी कारखान्यात कुणीतरी मिसळून ठेवलंय. काही स्वस्त ट्यूबवर क्रमांकच नव्हता, त्या परत ठेवल्या.

दुकानदार काका वैतागले. "ताई, लाल तो लाल. पोरांना काय पीएचडी करायचीये का?" पण शेवटी त्यांनीच मागच्या कपाटातून पीआर १२२ काढून दिली.

प्रत्येक रंगाचे दोन प्रकार घेतले, एक या बाजूला झुकलेला, एक त्या:

लेमन यलो, पीवाय ३, हिरवटाकडे झुकलेला: ९५ रुपये.
गडद यलो, पीवाय ६५, झेंडूच्या फुलाचा: ९५.
स्कार्लेट, पीआर १८८, शेंदराकडे झुकलेला: १२०.
मॅजेंटा, पीआर १२२, आपला राणी कलर: १८०.
अल्ट्रामरीन, पीबी २९, जांभळटाकडे झुकलेला निळा: ११०.
थॅलो ब्लू, पीबी १५:३, हिरवटाकडे झुकलेला निळा: ११०.

एकूण ७१०. जलरंगाच्या छोट्या ट्यूब आहेत. काका मॅजेंटाऐवजी क्रिमसन घ्या म्हणत होते, ७० रुपयांना. मागे क्रमांक होता पीआर ८३, म्हणजे अलिझरीन. नको म्हटलं. डिप्लोमाच्या काळातलं माझं गुलाबांचं एक चित्र खिडकीसमोर टांगलेलं आहे. त्यातली पानं जशीच्या तशी आहेत आणि गुलाब आजारी माणसाच्या ओठांसारखे पांढुरके झालेत. तो हाच रंग. उन्हात टिकत नाही. भिंतीवर लावायच्या तक्त्यात तर अजिबात नको.

अल्ट्रामरीन पूर्वी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्दी दगड कुटून काढत आणि तो सोन्याच्या भावाने जाई. कृत्रिम अल्ट्रामरीन बनवल्याबद्दल १८२८ मध्ये गीमे नावाच्या फ्रेंच माणसाला बक्षीस मिळालं. आज मी तो ११० रुपयांत घेऊन सिटी बसने घरी आले.

शनिवार, १५ जून

सहा ट्यूबच्या जोड्या फक्त १५. पंधरा ओळी, प्रत्येक ओळीत सात चौकोन: दोन टोकांना शुद्ध रंग आणि मध्ये पाच पायऱ्या. एकूण १०५. ३०० जीएसएमचे, म्हणजे चांगले जाड, दोन पूर्ण कागद आणले, ३२० रुपये, आणि अर्ध्या कागदावर तक्ता बसवला.

आधी कंजुषी करून उरलेल्या कार्ट्रिजवर दोन ओळी केल्या होत्या. कागद पापडासारखा वर आला, रंग खड्ड्यांत साचला आणि एकाच चौकोनात तीन छटा झाल्या. पातळ कागदावर जलरंगाचा तक्ता करू नका. बाकी कुठेही पैसे वाचवा.

आजची खरी चूक थॅलो ब्लूने घडवली. लेमन आणि थॅलो समान घेऊन मधला चौकोन लावला, तो जवळजवळ निळाच. पिवळा दुप्पट केला, तरी निळा. सात चौकोनांपैकी सहा निळसर आणि एकदम एक पिवळा. माझं गणित बरोबर होतं, पण थॅलो प्रचंड जोरदार रंग आहे. ब्रशच्या मुळाशी राहिलेल्या रंगानेसुद्धा पिवळ्याची वाट लागते.

बऱ्याच वेळाने जे जमलं ते असं. निळ्यात पिवळा घालायचा नाही, पिवळ्यात निळा घालायचा. वाटाण्याएवढा पिवळा पॅलेटवर घ्यायचा आणि टूथपिकच्या टोकाने मोहरीच्या दाण्याएवढा थॅलो. ढवळायचं, लावायचं. पुढच्या चौकोनाला आणखी एक मोहरी. अशा पाच मोहऱ्यांनंतर ओळ जमली: पोपटी, मग ताज्या कोथिंबिरीचा, मग कढीपत्त्याचा, मग जवळजवळ बाटलीचा हिरवा. अल्ट्रामरीनला मोहरी पुरत नाही, त्याला हरभऱ्याची डाळ लागते. तो दुबळा रंग आहे. मुलांना हे प्रमाण ग्रॅमपेक्षा पटकन कळेल असं वाटतंय.

वेळ: चार तास, पैकी दीड थॅलोने खाल्ला.

रविवार, १६ जून

आज लाल-निळ्याच्या चार ओळी.

स्कार्लेट अधिक अल्ट्रामरीन: चिंच. मुलाच्या कागदावरचाच रंग.
स्कार्लेट अधिक थॅलो: काळपट, मध्ये तर कोळसाच.
मॅजेंटा अधिक थॅलो: हा धक्का होता. मधल्या चौकोनात चक्क गडद शाईचा निळा आला, अल्ट्रामरीनच्या जवळचा.
मॅजेंटा अधिक अल्ट्रामरीन: जांभूळ. पिकलेलं, वरून थोडं पाणी उडालेलं जांभूळ.

मी खोलीत एकटीच होते, तरी मोठ्याने "हां!" म्हटलं.

कारण एवढंच की रंग कागदावर स्वतःचा उजेड टाकत नाही, तो येणाऱ्या उजेडातला काही भाग गिळतो. स्कार्लेट निळा उजेड गिळतो. अल्ट्रामरीन नेमका तोच परत पाठवत असतो. दोघं एकत्र आले की परत यायला काही उरतच नाही, म्हणून काळपट. मॅजेंटा मुख्यतः हिरवा उजेड गिळतो, लाल आणि निळा दोन्ही सोडतो. त्यामुळे निळा वाचतो आणि जांभळा दिसतो. "लाल अधिक निळा" हे वाक्य चुकीचं नाही. ते कुठला लाल ते सांगत नाही, म्हणून अर्धवट आहे.

पुढच्या ओळीत आणखी एक घोटाळा सापडला. लेमनमध्ये मॅजेंटा घालत गेले तर मध्ये शेंदरी आणि मग चक्क लाल झाला. म्हणजे लालसुद्धा मिसळून होतो, आणि मी आठ वर्षं शिकवतेय की तो प्राथमिक रंग, कशातूनही बनत नाही! लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये हेच चालतं. तिथे मशीनमध्ये लाल शाई नसते. निळसर सायन, राणी, पिवळी आणि काळी, एवढ्या चार शायांतून गणपतीचं कुंकू छापतात.

परीक्षेला मात्र मुलांनी लाल, पिवळा, निळा असंच लिहायचं. गुण जायला नकोत.

शनिवार, २२ जून

आठवडाभर पाऊस. खोलीत सगळं दमट. एक चौकोन वाळायला चाळीस मिनिटं. हेअर ड्रायर लावला तर ओल्या रंगाचा थेंब उडून शेजारच्या तीन चौकोनांत गेला. ओळ ९ पुन्हा केली. ड्रायर लावायचाच तर रंगाची चमक गेल्यावर, आणि हातभर लांबून.

अजून एक. जलरंग वाळला की फिका होतो. मी ओल्या रंगावरून पायऱ्या ठरवत होते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ओळ ३ आणि ४ मधले मधले चौकोन पुसल्यासारखे. आता शेजारी कागदाचा तुकडा ठेवते. तिथे लावायचं, वाळू द्यायचं, मग तक्त्यात. वेळ दुप्पट लागतो, त्याला इलाज नाही.

मास्किंग टेप काढताना कागदाची साल निघाली. टेप आधी पँटला दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करायचा. हे मला येत होतं. घाईत विसरले.

रविवार, २३ जून

मुलांनी तक्ता पाहिला आणि लगेच नावांवरून भांडण सुरू. ट्यूबची इंग्रजी नावं कुणाला लक्षात राहीनात, म्हणून म्हटलं, तुम्हीच नावं द्या.

गडद यलो अधिक अल्ट्रामरीन हा मला मळका हिरवा वाटत होता. आठवीतली मुलगी म्हणाली, "मळका नाही ताई, शेवाळी." लेमन अधिक थॅलोचा दुसरा चौकोन पोपटी, यावर एकमत. मॅजेंटाची पातळ छटा गुलबक्षी. चिंचेच्या कोळाला एकाने आमसुली म्हटलं, दुसरी म्हणाली वांगी कलर, आणि तिसऱ्याने वाद मिटवायला डब्यातली वांग्याची भाजी दाखवली. ती तपकिरी होती, त्यामुळे वाद आणखी वाढला. शेवटी आमसुली.

थॅलोत भरपूर पांढरा घातला तर एक मुलगा म्हणाला, "हे तर मोरचूद!" त्याच्या वडिलांची पिंपळगावकडे द्राक्षबाग आहे. द्राक्षांवर मारायला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करतात, ते ड्रमात असंच निळं दिसतं. थॅलोतही तांबं असतंच, आणि मोरचूदही तांब्याचाच. पदार्थ वेगळे, पण तुझा डोळा चांगला आहे, असं त्याला सांगितलं. तो दिवसभर फुगून होता.

मुलांनी स्वतः मिसळायला घेतल्यावर मात्र पुन्हा चिखल. या वेळी रंगाचा दोष नव्हता, पाण्याचा होता. आठ जणांत दोन मग, आणि पाणी अर्ध्या तासात गटारासारखं. स्वच्छ पिवळा त्या पाण्यात बुडवला की संपला. आता प्रत्येकाला दोन पेले: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातून फक्त स्वच्छ पाणी घ्यायचं. शेजारी जुन्या बनियनचा तुकडा.

जांभूळवाल्या मुलाला मॅजेंटा दिला. त्याने जांभूळ केलं. मग त्यावर पांढरा ठिपका दिला आणि म्हणाला, "आता खाऊ का?"

रविवार, ३० जून

सकाळी साडेसहाला पाच मुलांना घेऊन गंगेवर गेले. बाहेरचे गोदाघाट म्हणतात, आम्ही गंगेवर. पाऊस थांबला होता, पायऱ्या ओल्या. विषय एकच: काळा दगड, काळी ट्यूब न वापरता.

मुलांनी बसल्या बसल्या काळी ट्यूब मागितली. दिली नाही. म्हटलं, आधी नीट बघा. बघितल्यावर दुतोंड्या मारुतीच्या खालचा दगड एकाला निळा दिसला, एकाला तपकिरी, आणि पाण्यालगतचा हिरवा. सगळे बरोबर होते. उन्हाची बाजू तपकिरी, सावलीची निळसर, आणि जिथे शेवाळ तिथे शेवाळी.

हा रंग आणायचा कुठून? मी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घेतलाच नव्हता, अल्ट्रामरीनबरोबर तो सुरेख करडा देतो. शेवटी तक्त्यातला आमसुली आठवला, ८ जूनचा चिंचेचा कोळ. त्यात अल्ट्रामरीन किंचित वाढवला आणि गडद यलोची एक मोहरी घातली, तर ओल्या बेसॉल्टचा करडा तयार. पाण्यालगत तोच "मळका" शेवाळी, एका ब्रशमध्ये. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या दाण्यात बसतात, त्यामुळे दगडाचा खरखरीतपणा फुकट मिळाला. कागद वाकडा धरून पाणी वाहू दिलं की आणखी छान बसतात.

पानाचे दिवे विकणाऱ्या आजी बराच वेळ मागे उभ्या होत्या. "पोरी, दगूड निळा असतोय व्हय?" म्हणाल्या. मग स्वतःच पायरीकडे पाहिलं, आणि जरा वेळाने, "असतोय खरा."

सव्वाआठला सर आली. दोन चित्रं धुऊन निघाली, तीन वाचली. धुतलेल्यांपैकी एक माझं.

रविवार, ७ जुलै

एका मुलीने विचारलं, लाल आणि हिरवा मिसळला की तपकिरी होतो, मग आजीच्या येवल्याच्या पैठणीत उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, तरी ती तपकिरी का नाही दिसत?

तिने पैठणी आणली होती, आईची परवानगी घेऊन, प्लास्टिकमध्ये. उजेडात वाकवली की पदर एकदा हिरवा, एकदा लाल. धूपछाव म्हणतात तो हाच. तिथे रंग एकमेकांत विरघळलेले नसतात, शेजारी शेजारी असतात. डोळाच दोघांची सरासरी काढतो, आणि कोन बदलला की सरासरीही बदलते.

हे पटवायला पुठ्ठ्याची चकती अर्धी लेमन, अर्धी अल्ट्रामरीन रंगवून भोवऱ्यावर चिकटवली. फिरवताना सगळे ओरडले, हिरवा होणार! झाला राखाडी. अर्धा तास कुणाला दुसरं काही सुचलं नाही. तक्त्याचं काम आज शून्य.

रविवार, १४ जुलै

तक्ता लागला.

लॅमिनेशनचा हट्ट केला आणि ८० रुपये घालवले. ३०० जीएसएमच्या कागदाचा नमुना मशीनमध्ये अडकून एका कडेला सुरकुतला, आणि चकाकीमुळे फिके चौकोन गडद दिसू लागले. नशीब, मूळ तक्ता आधी दिला नव्हता. आता मूळ तक्ता फोमबोर्डवर (१५० रुपये) चारही कोपऱ्यांनी चिकटवून, खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर टांगलाय. समोरच्या नाही. गुलाबांचा अनुभव आहे. मागे पुठ्ठा आणि भिंतीत बोटभर अंतर सोडलंय, पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते.

हिशेब: ट्यूब ७१०, जाड कागद ३२०, कार्ट्रिज ६०, बल्ब १४०, फोमबोर्ड १५०, लॅमिनेशन ८०. एकूण १४६० रुपये, सिटी बस सोडून. वेळ साधारण २५ तास, पैकी दहा तरी वाया. ट्यूब निम्म्याहून जास्त भरलेल्या आहेत, थॅलो तर उघडलेलीच नाही असं वाटतं.

पुन्हा केला तर लेमन, मॅजेंटा आणि थॅलो एवढ्या तीनच ट्यूब आधी घेईन. तीन ओळींत एका रविवारी काम होतं आणि मुलांना बहुतेक सगळं तेवढ्यात दिसतं. उरलेल्या तीन पुढच्या महिन्यात.

राहिलेलं: ओळ ११ ला मी "अल्ट्रामरीन"च्या जागी "थॅलो" लिहिलंय. जांभूळवाल्या मुलाने पकडलं. पाण्यात न पुसणाऱ्या पेनने लिहिल्यामुळे खोडता येत नाही, वरून चिठ्ठी चिकटवावी लागेल.